शिशाचा तुकडा आधी काढ

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. तुझ्या तक्रारी तीन. रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात आवाज फाटतो, घरकुलाच्या नव्या खोलीत खर्ज घुमतो, आणि रात्री ऐकायला बसलं की गाव गप्प राहत नाही. वर विचारतोस, काका, सुई धरणारी कार्ट्रिज कोणती घेऊ? कोणतीच नको. सोयाबीनचे पैसे हातात आले की माणसाला कशात ना कशात खोट दिसायला लागते. ते पैसे राहू दे कपाटात.

फोटोत सगळ्यात आधी नजरेत भरला तो हेडशेलवर, म्हणजे आर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) डोक्यावर, चिकटवलेला शिशाचा तुकडा. हे तुला कोणी शिकवलं रे? डोकं जड केलं की खर्ज भरदार येतो म्हणे! तुला काय बोलू, मी स्वतः रुपया ठेवायचो. लग्नाच्या मांडवात माझ्या भोंग्यावर रेकॉर्ड एकाच ओळीवर अडकली, की ठेव रुपया आणि होऊ दे पुढं. वऱ्हाडी लोक जेवत असतात, कोणाचं लक्ष असतं? तीच सवय घरी नेली आणि वसंतराव देशपांड्यांची एक एलपी कायमची नासवली. १९२० साली मूर्तिजापुरात जन्मलेला माणूस, म्हणजे आपल्या शकुंतला आगगाडीच्या रुळांवरचा, आणि त्यांच्याच तानांवरून मी नांगर फिरवला. ती एलपी अजून आहे माझ्याकडे. लावत नाही.

शिशाचं गणित समजून घे. सुईची काडी बारीकशा रबरावर टेकलेली असते, आणि त्या रबरावर कार्ट्रिज नि आर्म यांचं सगळं वजन झुलतं. एसटीचा टप कमानपाट्यांवर झुलतो ना, तसं. पाटे मऊ आणि टप जड असला, तर गाडी सावकाश डोलते. या डोलण्याचा वेग काढता येतो. आर्मचं प्रभावी वजन, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची बेरीज ग्रॅममध्ये कर, तिला सुईच्या लवचीकपणानं, म्हणजे कंप्लायन्सच्या आकड्यानं गुण, वर्गमूळ काढ आणि त्यानं १५९ ला भाग दे. आर्म १२ ग्रॅम, कार्ट्रिज ६, स्क्रू अर्धा, कंप्लायन्स २० धरला, तर उत्तर येतं ८.३ हर्ट्झ. हा आकडा ८ ते १२ च्या दरम्यान असला की चांगलं. आता त्यात ८ ग्रॅम शिसं घाल. झाला ६.९. वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे आणि पायांची धमक या खालच्याच भागात असतात, म्हणून तू दारातून आत आलास की आर्म उडी मारतो. तू लिहिलंस की घराची जमीन वाईट आहे. जमिनीला बोल लावू नको.

दुसरा फोटो प्रोट्रॅक्टरचा, म्हणजे सुई नीट बसवायच्या छापील कागदाचा. शेजारी पट्टी ठेवलीस, हे फार बरं केलंस, नाहीतर मला कधी कळलं नसतं. कागदावर १०० मिलिमीटर म्हणून छापलेली रेघ तुझ्या पट्टीवर ९७ लाच संपते. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्यानं कागदात बसावं म्हणून चित्र आक्रसून छापलं. त्याचा दोष नाही, त्याचं रोजचं काम सातबारा आणि आधार कार्डाचं. पण त्यामुळं मधल्या खिळ्यापासून ६६ मिलिमीटरची खूण ६४ वर गेली आणि १२१ ची ११७ वर. त्या खुणांना सुई तंतोतंत जुळवायला तू अख्खा रविवार घातलास, म्हणजे चुकीच्या जागी अगदी बिनचूक बसवलीस.

या दोन खुणा का, हे कोणी नीट सांगत नाही. मूळ रेकॉर्ड कापताना यंत्राची सुई कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. आपला आर्म मात्र एका खुंटीवर फिरतो, त्याची वाट कमानीची. तिफणीनं सरळ पेरलेल्या तासात डवरा तिरका चालला तर काय होतं, हे तुला सांगायला नको. तण राहतं आणि झाड उपटून येतं. आर्म पूर्णपणे सरळ कधीच चालत नाही, पण डोकं थोडं वाकवून आणि सुई मधल्या खिळ्याच्या थोडी पुढं काढून बसवली, तर निदान दोन जागी तो तासाला बरोबर लागतो आणि बाकी ठिकाणी चूक थोडक्यात राहते. हे गणित लोफग्रेन नावाच्या स्वीडिश माणसानं १९३८ सालीच मांडून ठेवलं, एलपी बाजारात यायच्या दहा वर्षं आधी.

आणि फाटतं ते शेवटच्याच गाण्यात, का? खळ्यात पात धरलेली आठवते? मेढीजवळचा बैल आणि कडेचा बैल फेरा बरोबरच पुरा करतात, पण कडेचा किती तरी जास्त चालतो. एलपीचा एक फेरा १.८ सेकंदांचा. कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खोबण जाते आणि शेवटी शेवटी जेमतेम २१. तितकंच गाणं अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. तिथं सुई जराशी वाकडी असली तरी 'स' चा 'श' होतो. म्हणून कागद पुन्हा छाप, मूळ मापात छाप म्हणावं, आणि दुकानातच पट्टी लावून बघ. बाहेर पडल्यावर नाही.

बाकी बारीकसारीक भराभर सांगतो. सुईचा भार कंपनीनं दिलेल्या आकड्यांच्या मधोमध ठेव. फार हलका ठेवला तर रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे, सुई खोबणीत उसळते आणि उलट जास्त खराबी होते. भार मोजायच्या काट्याचं ताट रेकॉर्डच्या पातळीतच हवं. अँटी-स्केटिंग, म्हणजे आर्म आत ओढला जाऊ नये म्हणूनचा उलटा ताण, भाराइतकंच ठेवून सुरुवात कर, मग उजव्या बाजूला फाटतं की डाव्या, ते ऐकून थोडं इकडेतिकडे. हेडशेलच्या तारा पांढरी-निळी डाव्याच्या, तांबडी-हिरवी उजव्याच्या. कार्ट्रिज जोडलेली असताना डाग देऊ नको. आर्मच्या बेअरिंगला तेल तर अजिबात नको, शिलाई मशीनचंही नको. आपल्याकडची धूळ आणि तेल मिळून काय होतं, ते सायकलच्या चेनवर बघ.

वेगाचं एक. तुझ्या मशीनची मोटर सिंक्रोनस आहे. ती व्होल्टेजकडं फारसं बघत नाही, विजेच्या ५० हर्ट्झकडं बघते, आणि तो आकडा तुझ्या गावच्या डीपीवर ठरत नाही, देशभराचं ग्रीड ठरवतं. व्होल्टेज पडून पंखा मंद झाला तरी गाणं सुरातच राहतं. वेग तपासायची १८० रेघांची स्ट्रोब चकती फिरत्या प्लॅटरवर ठेव, ३३ च्या वेगात रेघा थिजल्यासारख्या दिसल्या पाहिजेत. मात्र चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली बघ. चांगल्या एलईडीखाली काहीच दिसणार नाही आणि तू मला घाबरून फोन करशील.

हां, आजोबांच्या पेटीतल्या ७८ च्या रेकॉर्डी. त्या एलपीच्या सुईनं वाजवू नको. त्यांची खोबण रुंद, त्यांना साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची असते १८ च्या आसपास. ती तळाला खरडत जाते आणि नुसतं चरचर ऐकू येतं. आणि स्पिरिटनं पुसू नको रे बाबा, विरघळतील. त्या लाखेच्या आहेत. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडं पळसावर, कुसुमावर, बोरीवर जी लाख काढतात, तीच ही लाख, दगडाची भुकटी आणि काजळी मिसळलेली. लाकूडफाट्यातल्या किड्यानं सोडलेल्या डिंकात कोणा गवयाचा गळा बसलेला आहे, याचं मला या वयातही नवल वाटतं.

आता खोलीचं. दहा बाय दहा, आणि स्लॅबही दहा फुटांवर. यापेक्षा वाईट माप शोधून सापडायचं नाही. दहा फुटांच्या दोन भिंतींत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो, आणि तुझ्या खोलीत तिन्ही दिशांना तोच सूर. वर तू भिंतीला टेकून बसतोस, जिथं तो सगळ्यात जास्त असतो. खुर्ची मधोमध घेतलीस तर तो उलट गायबच होईल. मागच्या भिंतीपासून साडेतीन-चार फुटांवर बस आणि तबल्याचा बायाँ कसा लागतो ते ऐक. इंचभर जाडीचा फोम मागवायचा म्हणतोस, त्यानं टाळीचा टणत्कार जाईल, घुमणं जाणार नाही. त्याला जाडी लागते.

जाडी काय करते, ते मी एका हिवाळ्यात ऐकलं. कापसाला भाव नव्हता. सगळ्यांनीच घरात भरून ठेवला होता, आमच्याही पुढच्या खोलीत आढ्याला लागेल असा ढीग. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड हात रुंद, वर कवेलू, खाली सारवलेली जमीन. बसायला जागा उरली ती दारापाशी एका खाटेपुरती. मशीन मी खिडकीत ठेवलं होतं, स्पीकर कापसाला पाठ लावून. रात्री एलपी लावली आणि तंबोऱ्याच्या चार तारा चार ठिकाणी ऐकू आल्या. गवई श्वास घेतो, तबलजी हात पुसतो, हे त्या रेकॉर्डवर आहे हेच मला तोवर माहीत नव्हतं. पंधरा वर्षं वाजवत होतो ती! अंगाला खाज सुटायची, कापसातले किडे, पण मी रोज बसायचो. फेब्रुवारीत भाव थोडा चढला. मी म्हटलं, अजून थांबू. तुझी काकू दारात उभी राहिली, म्हणाली, "गान्यासाठी कापूस ठेवता का आता घरात? भाव आला त विका न!" विकला. गाडी भरून गेली त्या रात्री तीच एलपी लावली, तर खोली मोकळ्या हौदासारखी वाजली.

तुला कापूस भरायला सांगत नाही. वायर, अॅम्प्लिफायर आणि कापूस एका खोलीत म्हणजे आगीला बोलावणं. पण जुन्या गाद्या पिंजून दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छपरापर्यंत उभ्या लाव, जाड सुती खोळ घालून, सॉकेटपासून लांब. समोरच्या भिंतीला आजीच्या गोधड्या टांग. मशीनला टेबल नको. तुझी मधली भिंत पक्की आहे, तीत लोखंडी कोन ठोकून वर कडप्प्याचा तुकडा ठेव. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, घराची जमीन वर्षभर एका जागी राहत नाही; म्हणून कडप्पा दर ऋतूत पाणपातळी लावून पाहायचा. आणि मे महिन्यात रेकॉर्डी माळ्यावर ठेवू नको. उभ्या ठेव, भिंतीला चिकटवून नको, वाळवी कव्हर खाते.

राहिलं गाव. तू लिहितोस, जागलीवाले रात्रभर डबे वाजवतात, कोल्हे ओरडतात, एक पक्षी 'चुक-चुक-चुक' करत पिच्छा सोडत नाही. तो रातवा. त्याला तू काय करशील? हिवाळ्यात जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची ऊबदार, त्यामुळं आवाज वर न जाता खाली वळतो आणि कोसभर पोचतो. माझा भोंगा दिवसा पिंपळापलीकडं जायचा नाही, रात्री चार गावांत ऐकू जायचा, आणि चारही गावांतून सकाळी शिव्या यायच्या. म्हणजे डिसेंबरात तुझ्या कानावर येणारा डबा तुझ्या शिवारातला असेलच असं नाही. मी तर खिडकी उघडी ठेवूनच ऐकतो. पहिल्या बाजूचा आलाप चालू असताना लांबून कोणी 'होऽऽ' करून रानडुक्कर हाकलतो, तेव्हा मला हरभरा आठवतो आणि सुई उचलावीशी वाटत नाही. तुला ते खपत नसेल तर पहाटे ऐक, चार ते पाच. जागलीवाले डुलक्या घेत असतात, भजनाचा भोंगा लागायचा असतो. कूलरच्या दिवसांत तर तीच एक वेळ, कारण कूलर बंद करून माणूस तासभर बसू शकतो. शकुंतला चालू होती तेव्हा मी तिच्या शिट्टीवरून दारव्ह्याची वेळ ओळखायचो. ती बंद पडून बरीच वर्षं झाली. पहाटे बसलो की त्या जागी अजून कान जातो.

पोळा झाला की ये. तोवर सर्जा-राजाला सोडून कुठं जाणार तू? येताना बॅटरीत घालायचं पाणी लिटरभर आण, आपल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यानं रेकॉर्ड धुतली तर पांढरी पुटं राहतात. नव्यानं छापलेला कागद आण. आणि तो शिशाचा तुकडा फेकू नको, माझ्या ओळंब्याचं वजन हरवलंय.

तुझा,
भोंगेवाला काका