देणगी मागण्याच्या नोकरीला ‘हो’ म्हणण्याआधी

प्रश्न : माझी मुलगी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाली आहे. पुण्यातल्या एका सामाजिक संस्थेने तिला ‘फंडरेझिंग ऑफिसर’ म्हणून बोलावले आहे. संस्था वस्तीतल्या मुलांच्या शिक्षणाचे काम करते, नाव चांगले आहे. मात्र या जागेवर तीन वर्षांत दोघे जण येऊन गेले, असे मुलाखतीत कळले. ‘एवढे शिकून लोकांपुढे हात पसरायचे का?’ असे तिची आजी म्हणते. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटते. यात करिअर आहे का?
– एक वडील, सांगली

उत्तर : नमस्कार. आधी आजींच्या शंकेबद्दल बोलतो, कारण ती बहुतेक घरांत असते. कर्मवीर भाऊराव पाटलांचे ऐतवडे बुद्रुक तुमच्याच जिल्ह्यातले. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी मुष्टिफंड निघाला : घरच्या बाईने धान्य काढताना एक मूठ बाजूला ठेवायची, ती बोर्डिंगला जायची. त्या मुठीची बाजारात किंमत ती काय! पण ज्या घरातून ती निघत होती, त्या घराला बोर्डिंग आपले वाटू लागले. अण्णासाहेब कर्वे हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्षानुवर्षे वर्गणी मागत फिरले. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला १५ लाख रुपये दिले. पंधरा लाखांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, त्याआधीच्या किरकोळ वर्गण्यांची कुणी सांगत नाही. या दोघांना हात पसरणारे म्हणायचे का, एवढे आजींना विचारा.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच वाक्याची. तीन वर्षांत दोघे गेले. अशी गळती सगळीकडे दिसते. अमेरिकेत कंपासपॉइंट या संस्थेने २०१३ मध्ये निधी संकलनाच्या प्रमुखांची पाहणी केली, तेव्हा निम्म्या लोकांनी दोन वर्षांत किंवा त्याआधीच ही नोकरी सोडण्याचा विचार बोलून दाखवला होता. कमी पगार हे एक कारण असतेच. पण मी जे पाहतो त्यात मोठे कारण निराळे : पैसा आणणे हे फक्त त्या एका माणसाचे काम, असे बाकीची संस्था धरून चालते. विश्वस्त मिरवायला येतात, स्वतःच्या ओळखीच्या चार माणसांना मात्र फोन करत नाहीत. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना ही ऑफिसातली मंडळी परकी वाटतात, त्यामुळे मुलांची माहिती मागितली की कपाळाला आठ्या. पावती महिनाभर हिशेबनिसाच्या टेबलावर पडून. मग मार्चमध्ये आकडा जमला नाही की खापर नव्या मुलीवर.

म्हणून मुलीने होकार देण्याआधी संस्थेत एक दिवस नुसते जाऊन बसावे आणि काही गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात. विश्वस्तांपैकी किती जण स्वतः देणगी देतात? रक्कम लहान असली तरी चालेल, नावे असायला हवीत. गेल्या वर्षीच्या देणगीदारांपैकी यंदा पुन्हा किती जणांनी दिले? माझ्या मते सगळ्यांत बोलका प्रश्न हाच, आणि ‘असा हिशेब आम्ही ठेवत नाही’ असे उत्तर आले तरी संस्थेचे स्वरूप कळतेच. देणगी आल्यावर पावती आणि आभाराचे पत्र किती दिवसांत जाते, आणि ते पत्र कोण लिहितो? शेवटची दोन-चार पत्रे पाहायला मागावीत. सगळ्यांना एकच छापील मजकूर जात असेल, तर दात्याशी नाते ठेवायची सवय तिथे अजून लागलेली नाही असे समजावे.

एकूण पैशांपैकी किती एकाच कंपनीकडून येतो, हेही पाहावे. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. २०१४ पासून हे लागू झाले आणि बऱ्याच संस्थांनी आपली सगळी मांडणी या सीएसआरभोवती, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक खर्चाभोवती केली. हा पैसा मोलाचा आहे, त्याला नाके मुरडू नयेत. पण तो बहुधा एका प्रकल्पापुरता आणि ठरावीक मुदतीचा असतो. ऑफिसचे भाडे, हिशेबनिसाचा पगार, कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण यांना त्यात जागा मिळवताना घाम फुटतो. शिवाय वारे फिरते. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधीला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरण्याची मुभा मिळाली, म्हणजे कंपन्यांचा पैसा तिकडेही वळू शकत होता. त्याच वर्षी परदेशी देणग्यांचा कायदाही कडक झाला : प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. अशा वेळी महिन्याला पाचशे रुपये देणारी साधी माणसे ज्यांच्यापाशी होती, त्या संस्थांना जरा श्वास घेता आला.

ही माणसे जोडणे हेच तुमच्या मुलीचे खरे काम आणि त्यासाठी पुणे-मुंबईत जागा आहेत. पितृपक्षात पुण्यात ‘देणे समाजाचे’ प्रदर्शन भरते, तिथे संस्था स्वतःचे काम मांडतात. गणेशोत्सवात ‘लोकसत्ता’ ‘सर्वकार्येषु सर्वदा’मधून संस्थांची ओळख करून देतो. २ ते ८ ऑक्टोबरला दानउत्सव हा देण्याचा आठवडा असतो आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारेही संस्थांसाठी पैसे उभे करतात. आपल्याकडे आईवडिलांच्या स्मरणार्थ, वाढदिवसाला, श्राद्धाला देण्याची रीत आहेच. त्या दिवशी आलेल्या माणसाला सहा महिन्यांनी कुणी आठवणीने फोन करते का, यावर पुढचे सगळे अवलंबून. नव्या करप्रणालीत देणगीवरची ८०-जी कलमाची वजावट मिळत नाही, त्यामुळे केवळ कर वाचवायला देणारे गळतील. मागायचे ते कामाच्या बळावर, हे तिने आतापासूनच धरून चालावे.

रोजचे काम म्हणाल तर त्यात झगमगाट नाही. प्रस्ताव लिहिणे, त्याला अंदाजपत्रक जोडणे, देणगीदारांची यादी अद्ययावत ठेवणे, कंपनीला तिमाही अहवाल देणे आणि भरपूर फोन. चांगले मराठी आणि कामापुरते इंग्रजी लिहिता येणे, एक्सेल येणे आणि ताळेबंद वाचता येणे एवढे जमले तर ती पुष्कळांच्या पुढे राहील. ताळेबंद वाचायला एमएसडब्ल्यूत फारसे शिकवत नाहीत, ते तिने एखाद्या ओळखीच्या सीएकडे बसून शिकावे. पुढे हे काम केलेली माणसे संस्थांचे संचालक होतात किंवा कंपन्यांच्या सीएसआर विभागात जातात. तेव्हा करिअर आहे, नक्की आहे. सुरुवातीचा पगार मात्र कंपनीतल्या मैत्रिणींपेक्षा कमी असेल आणि ते घरात आधीच बोलून घ्यावे.

एका बाबतीत मी ठाम आहे. ‘आणशील त्याच्या इतके टक्के तुझे’ असे कुणी म्हटले तर नाही म्हणावे. अमेरिकेतल्या निधी संकलकांच्या संघटनेच्या आचारसंहितेतही टक्केवारीवर मोबदला घ्यायला मनाई आहे. टक्केवारी आली की दात्याला काय हवे यापेक्षा मोठ्या चेककडे लक्ष जाते आणि कार्यकर्त्यांनाही तुमची मुलगी दलाल वाटू लागते.

नेमणूकपत्रात तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगा. पहिल्या वर्षाचे उद्दिष्ट निव्वळ रुपयांत नसावे, किती जुने दाते टिकले तेही त्यात धरावे. संचालकांनी तिच्यासोबत महिन्याला काही दात्यांना भेटावे. आणि महिन्यातला एक दिवस तिने वस्तीत, कार्यकर्त्यांबरोबर काढावा. संचालक याला आनंदाने तयार झाले, तर निदान दोन वर्षे तिला जाऊ द्या. का-कू करू लागले, तर आधीचे दोघे का गेले ते तुम्हाला कळेल. मग एमएसडब्ल्यूच्या जोरावर तिने वस्तीतल्या थेट कामाची जागा शोधलेली बरी. चार-पाच वर्षांनी निधी संकलनाकडे वळता येतेच.