कळव्याचं घर तारण ठेवून एमबीए करू का?

ताई, नमस्कार.

मी २७ वर्षांची, राहायला कळव्याला. बी.कॉम. झाल्यावर गेली पाच वर्षं सीबीडी बेलापूरच्या एका कस्टम क्लिअरिंग फर्ममध्ये आहे. इम्पोर्टचं काम बघते. चेकलिस्ट, बिल ऑफ एंट्री (आलेल्या मालाचं कस्टम्सला द्यायचं विवरण), पार्टीचे फोन, सीएफएसवाल्यांशी (कंटेनरच्या गोदामवाल्यांशी) भांडणं, सगळं. कस्टम्समध्ये काम करायचं एच-कार्ड आहे. हातात ३८ हजार येतात. मार्चमध्ये मॅनेजरची जागा निघाली, मला वाटलं आता माझाच नंबर. सरांनी बाहेरून एमबीए झालेला मुलगा आणला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. एचएस कोड (जकातीसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक) कसा शोधायचा ते त्याला मी शिकवते आणि माझ्या रजेच्या अर्जावर सही तो करतो.

त्याच रागात एमबीएचे फॉर्म भरले. सीईटीत ८६ पर्सेंटाइल आले. कॅप राउंडमधून (सरकारी प्रवेशफेरीतून) चांगलं काही मिळेलसं वाटत नाही, पण नवी मुंबईतल्या एका खासगी संस्थेत पीजीडीएमला (एमबीएसारखीच, पण पदविका) प्रवेश मिळतोय. दोन वर्षांची फी १३ लाख. दहा दिवसांत सीट बुक करायला ५० हजार भरायचेत. बँक म्हणते, साडेसात लाखांच्या वर तारण लागेल. बाबा आमचा कळव्याचा फ्लॅट ठेवायला तयार आहेत. ते वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून निवृत्त झाले, घर हीच त्यांची कमाई. आई म्हणते, एवढे पैसे घालवायचेच तर लग्नात घालवू. खरं सांगायचं तर कॉलेजात गेले की दोन वर्षं स्थळांचा विषय तरी बंद होईल.

करू का एमबीए? आणि त्या मॅनेजरला शिकवणं बंद करू का?

— एक वाचक, कळवा

आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. ही सीट सोड. ५० हजार भरू नकोस आणि फ्लॅटची कागदपत्रं बाबांच्या कपाटातच राहू देत. एमबीए करूच नकोस असं मात्र मी म्हणत नाहीये.

तुझा राग रास्त आहे. पाच वर्षं जिने कंटेनर सोडवले, पार्टीचं डेमरेज (माल उशिरा सोडवल्याचा भुर्दंड) वाचवलं, रात्री अकराला ट्रेलरवाल्यांचे फोन घेतले, तिला बाजूला सारून दुसऱ्याला खुर्ची दिली तर राग येणारच. पण रागात काढलेलं कर्ज दहा वर्षं फेडावं लागतं, आणि सरांनी त्या मुलाला का घेतलं हे तुला नक्की माहीत आहे का? पत्रात तू फक्त 'एमबीए झालेला' एवढंच लिहिलंयस. क्लिअरिंगचा धंदा बहुतेक ठिकाणी घरचा असतो. मालकाला नवीन गिऱ्हाईक आणणारा माणूस हवा असेल. मुलगा ओळखीतला असेल. किंवा सरांना बाई मॅनेजर नकोच असेल. यातल्या एकाही कारणावर पीजीडीएम हा इलाज नाही. 'मला का नाही?' हे सरांना विचारलंस का? पत्रावरून तरी वाटतं, नाही विचारलंस. विचार. त्यांनी उडवाउडवी केली तरी त्यावरून बरंच कळेल.

आता हिशोब. तो मी वहीत मांडून बघितला, तूही बघ.

बँकेतला माणूस हप्ता सांगेल १७ हजारांच्या आसपास. तो १३ लाखांवर, १० टक्के व्याजाने, दहा वर्षांचा. शिकत असताना आणि त्यानंतरच्या एका वर्षात हप्ता नसतो, व्याज मात्र चालूच असतं. पहिल्या वर्षी साडेसहा लाख आणि दुसऱ्या वर्षी साडेसहा लाख उचललेस, तर पहिला हप्ता भरायच्या दिवशी सरळव्याजानेसुद्धा कर्ज १६ लाख २५ हजारांवर गेलेलं असेल. म्हणजे हप्ता जातो २१,५०० च्या घरात. दहा वर्षांत बँकेला जाणार पावणेसव्वीस लाख. शिवाय दोन वर्षांचा बुडालेला पगार, ३८ हजारांनी ९ लाख १२ हजार. (व्याजावर करसवलत मिळते हेही ते सांगतील. ती जुन्या करप्रणालीत मिळते, नवीन प्रणालीत नाही.)

धर, आहे त्याच नोकरीत राहून दोन वर्षांनी तुझा पगार ४५ हजार झाला. त्यात २१,५०० मिळव. शिकून बाहेर पडल्यावर हातात महिना ६६,५०० पडले, तर नोकरी न सोडता तू जिथे असतीस तिथेच येऊन पोचलीस. फायदा त्याच्या वर सुरू होतो. मी 'हातात' म्हणतेय, पॅकेज नाही. माहितीपत्रकातलं सर्वोच्च पॅकेज एकाच मुलाचं असतं, आणि सरासरी त्या एका मुलाने फुगवलेली असते. विचारायचं असतं ते मीडियन: सगळ्यांचे पगार ओळीने लावले तर बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले? गेल्या वर्षी किती मुलं प्लेसमेंटला बसली, किती बसलीच नाहीत, लॉजिस्टिक्समधलं कोण आलं होतं? हे सगळं लेखी माग. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या कॉलेजचा विचार केलास तरी हेच माग. आणि संध्याकाळी वर्ग सुटताना कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोल. ॲडमिशनच्या एसी केबिनमध्ये तासभर बसून जे कळत नाही ते तिथे एका कटिंगमध्ये कळतं.

दहा दिवसांच्या मुदतीने घाबरू नकोस. महागडी सीट विकायची असली की मुदत असतेच.

आता तुझ्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य. ते तू शेवटी, घाईघाईत लिहिलंयस: 'दोन वर्षं स्थळांचा विषय तरी बंद होईल.' मुली, या एका वाक्यासाठी बाबांचं घर तारण पडणार आहे. आणि विषय बंद तरी कुठे होतो? ठाण्यातल्या कुठल्याही वधूवर मंडळाची वही उघड, 'शिक्षण चालू' लिहिलेल्या मुलींचे बायोडेटा भरपूर सापडतील. २९ व्या वर्षी स्थळं पुन्हा येतील, आणि तेव्हा 'कर्ज कोण फेडणार?' हा प्रश्नही त्यांच्यासोबत चहा-पोह्यांना बसेल.

आईला सांग, 'मला अजून दोन वर्षं लग्न नको.' एवढंच. कारण देऊ नकोस. कारण दिलं की आया त्याला तोड काढतात, हे मी आई म्हणून सांगतेय. बाबा घर ठेवायला तयार आहेत ना? मग त्यांना म्हण, घर राहू द्या, त्याऐवजी आईसमोर माझ्या बाजूने एक वाक्य बोला. मला वाटतं ते त्यांना फ्लॅटपेक्षा जड जाईल. तरी माग.

मला खरं आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. पाच वर्षं झाली आणि अजून एच-कार्डच? माझा मावसभाऊ न्हावा शेव्याला याच कामात केस पांढरे करून बसलाय. तुझं पत्र वाचून त्याला फोन केला, तर त्याचा पहिला प्रश्न होता, 'जी-कार्डची परीक्षा का नाही दिली तिने?'

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: बंदरातून दुसऱ्यांचा माल सोडवून द्यायचा धंदा परवानाधारक कस्टम्स ब्रोकर करतो, ज्याला बाजारात अजून 'सीएचए'च म्हणतात. त्याच्या कर्मचाऱ्यांपैकी जो कस्टम्सची परीक्षा पास होतो त्याला जी-कार्ड मिळतं, बाकीच्यांना एच-कार्ड. त्याच्या पुढची परीक्षा परवान्याची. ती नॅसिन ही केंद्राची प्रशिक्षण संस्था घेते, आधी लेखी, मग तोंडी, आणि पास होणाऱ्याला एफ-कार्ड. या परीक्षेला बसायच्या अटी २०१८ च्या नियमांत आहेत. पदवी हवीच, आर्थिक वगैरे अटी आहेत, आणि त्यासोबत एमबीए, सीए, एलएलबी यांसारखं काही हवं, नाहीतर जी-कार्डधारक म्हणून किमान दोन वर्षांचा अनुभव हवा.

वाचलंस ना नीट? तुझ्याच धंद्याच्या नियमात त्या मुलाचं एमबीए आणि जी-कार्डावरची तुझी दोन वर्षं एकाच कामाला येतात. ती दोन वर्षं तुला पगारासकट मिळतील. परीक्षा सोपी नाही. १९६२ चा कस्टम्स ॲक्ट, १९७५ चा टॅरिफ ॲक्ट, मूल्यांकन, ड्रॉबॅक, परकीय व्यापार धोरण, असा पसारा आहे. पण यातलं बरंचसं तू रोज हाताळतेस, फक्त कलमांचे आकडे पाठ नसतील. आणि फर्मच्या नावावर परवाना असला तरी आत ही परीक्षा पास झालेला माणूस असावाच लागतो. असा माणूस रजेच्या अर्जावर कोणाची सही घेतो ते मावसभावाला विचार, तो हसेल.

एवढ्यावर मात्र थांबू नकोस. क्लिअरिंग फर्ममध्येच जन्म काढायचा असंही नाही. महापे, रबाळे, तळोजा इथल्या कंपन्यांचे स्वतःचे एक्झिम (आयात-निर्यात) विभाग आहेत, फ्रेट फॉरवर्डर आहेत, शिपिंग लाइनची ऑफिसं आहेत, आता उलव्याच्या विमानतळावर एअर कार्गोलाही माणसं लागणार. ज्या नोकऱ्या बघून तुला 'ही मला मिळायला हवी' असं वाटतं, त्यांच्या दहा-बारा जाहिराती गोळा कर. किती ठिकाणी एमबीए सक्तीचं आहे, किती ठिकाणी 'असल्यास प्राधान्य' आहे, किती ठिकाणी फक्त अनुभव मागितलाय, ते बघ. आणि नुसतं बघू नकोस, अर्ज कर. दिवाळीपर्यंत मुलाखती होतील तेवढ्या होऊ देत. 'तुमच्याकडे एमबीए नाही' असं कोणी तोंडावर सांगितलं तर मला परत लिही, मी माझं मत बदलेन.

तेव्हाही दोन वेगळी एमबीए असतात हे लक्षात ठेव. चाळणीतून अर्ज पुढे सरकण्यापुरती पदवी हवी असेल, तर मुंबई विद्यापीठाचे नोकरदारांसाठीचे तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम आहेत, इग्नू आहे, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. यूजीसीची मान्यता असलेली दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. प्लेसमेंट मिळत नाही हे खरं, पण तुला नोकरी आहे. ठाण्याहून पनवेल लोकलमध्ये बसायला मिळालं तर अभ्यासही होतो. (नाही मिळालं तर नाही होत, तेवढं मान्य.)

दुसरं एमबीए म्हणजे जिच्या दारात कंपन्या स्वतः येतात ती संस्था. चर्चगेटच्या जमनालाल बजाजला सीईटीवरच प्रवेश आहे, पण तिथे ९९ च्या वरचा खेळ असतो. पवईची जुनी नीटी २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन हीच तिची जुनी ओळख, म्हणजे अगदी तुझा प्रांत. तिथला रस्ता कॅट या प्रवेश परीक्षेतून जातो, आणि कॅट असते नोव्हेंबरअखेर. एसपी जैन पीजीडीएमच देतं, आयआयएमसुद्धा २०१७ चा कायदा येईपर्यंत पदविकाच देत होत्या, तेव्हा पदवी की पदविका यावर अडून बसू नकोस. अहमदाबादच्या आयआयएमची फी या १३ लाखांहून खूप जास्त आहे, तरी तिथे प्रवेश मिळालेल्या मुलीला 'कर्ज काढू नकोस' असं मी म्हणणार नाही. तुझ्या हातातल्या सीटबद्दल मात्र एवढी फी मोजावी असं पत्रात काहीच नाही. त्या संस्थेचं तू एकही कौतुक केलेलं नाहीस. जवळ आहे आणि मिळतेय, एवढंच लिहिलंयस.

एकदा कॅट मनापासून देऊन बघ, नोकरी सांभाळून. आलं तर आलं.

राहिला शेवटचा प्रश्न. मॅनेजरला शिकवणं बंद करू नकोस. चुकीच्या एचएस कोडवर बिल ऑफ एंट्री गेलं तर खापर तुझ्याच डोक्यावर फुटेल, फाइल तुझ्या टेबलावरून गेलेली असते. फक्त तोंडी शिकवणं थांबव. त्याने काही विचारलं की मेलवर उत्तर दे, 'काल तुम्ही विचारल्याप्रमाणे' अशी सुरुवात कर आणि सरांना कॉपीत ठेव. पगारवाढीच्या बोलण्याला जाताना त्या मेलच्या प्रिंट सोबत ने. पण जी-कार्डाचा अर्ज फर्ममार्फत जातो, त्यावर सरांची सही लागेल. ती सही आधी घे, मेल त्यानंतर सुरू कर.

— ताई