१/३५ प्रमाणातल्या शर्मन रणगाड्याच्या मॉडेल किटमध्ये आतला भाग नाही. प्लॅस्टिक शीटमधून तो कसा बनवावा?

आधी हलच्या (रणगाड्याच्या मुख्य धडाच्या) भिंतीची जाडी मोजा. खऱ्या शर्मनचं बाजूचं चिलखत ३८ मिमी, म्हणजे १/३५ मध्ये साधारण १.१ मिमी. किटची भिंत त्याहून जाड असेल तर आतून घासून पातळ करा, नाहीतर मोजून कापलेली जमीन आणि दारूगोळ्याचे रॅक आत बसणारच नाहीत. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल खड्डे याच वेळी पुट्टीने भरा.

जमीन आणि आडव्या भिंतींना ०.५ मिमी शीट, पेट्या आणि कंसांना ०.२५. पातळ शीटला पातळ सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा द्रावक गोंद) ब्रशने अगदी थोडं, कडेवरच लावा. दोन मोठ्या शीट एकमेकींवर चिकटवताना द्रावक मध्ये अडकतं आणि काही दिवसांनी पृष्ठभाग फुगतो किंवा वाकतो. म्हणून खालच्या शीटला आधी बारीक भोकं पाडा.

क्रम महत्त्वाचा: पुढे गिअरबॉक्स, डावीकडे चालकाची सीट, मग टरेट बास्केटखालून (टरेट म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, बास्केट म्हणजे त्याखाली लटकणारी टोपली) मागच्या इंजिनकडे जाणारा शाफ्ट. वायरिंगला तांब्याची किंवा शिशाची तार घ्या. प्लॅस्टिकचा धागा वळण धरत नाही. तारेला सुपरग्लू लागेल.

प्रत्येक भागानंतर वरचा हल आणि टरेट कोरडे, म्हणजे गोंद न लावता, बसवून बघा. तोफेचा मागचा भाग बास्केटला अडतो तो इथेच कळतो.

आतून रंग पांढरा, पण उघड्या राहणाऱ्या हॅचची (झाकणाची) आतली बाजू बाहेरच्या ऑलिव्ह ड्रॅब या मळकट हिरव्या रंगामध्ये. हे रंगकाम हल बंद करण्यापूर्वीच उरका. आणि हॅचमधून न दिसणाऱ्या कोपऱ्यात बोल्ट बसवत बसू नका. तो वेळ तोफेच्या ब्रीचला (गोळा भरायच्या मागच्या भागाला) द्या, नजर तिथेच जाते.