लाइफ संपली, कॉइन टाका!

मागच्या अंकात जुन्या टीव्ही गेमचा नुसता विषय काढला तर पत्रांचा ढीगच पडला, त्यामुळे यावेळी डाएट, भाडेकरू, पासपोर्ट हे सगळं बाजूला ठेवलंय आणि फक्त गेम. बाकीच्यांनी एक महिना दम धरा.

दादा, माझं वय 43. सुट्टीत मुलाला (वय 12) कॉन्ट्रा लावून दिला. दहा मिनिटांत रिमोट आपटला आणि म्हणे बाबा हा गेम चीटिंग करतो, एक गोळी लागली की मेलं काय, आणि लाइफ संपल्या की परत पहिल्यापासून काय. त्याच्या गेममध्ये हा मरतो आणि दोन सेकंदांत तिथल्या तिथे उभा. गेम सोपे झालेत की पोरं नाजूक झालीत? (एक बाप, कोल्हापूर)

राग मानू नका, पण पोरगं अगदीच चुकीचं बोलत नाहीये.

आधी साइज बघा. 1985 चा सुपर मारिओ ब्रदर्स, त्याच्या 32 लेव्हल, म्युझिक, राजकन्या, शेवटचा तो आग फेकणारा बाबा, सगळं मिळून 40 केबी. तुमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी सकाळी गुलाबाचा फोटो येतो ना, तो यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवायला त्या लोकांनी काय काय केलंय, वरचा ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र आहे, पांढरं रंगवलं की ढग आणि हिरवं रंगवलं की झुडूप. मला हे कळलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती, आणि शाळेची आख्खी सुट्टी त्या झुडपांसमोरून पळण्यात घालवलेली.

आता एवढ्याशा जागेत गेम किती मोठा करणार? कॉन्ट्रा ज्याला पाठ आहे तो अर्ध्या तासात संपवतो. पण पैसे मोजून आणलेली कॅसेट पोराने एका दुपारी संपवली तर घरात बोंब होणार, म्हणून तो अर्धा तास दोन महिने पुरवायचा, आणि त्याचा एकच उपाय, मारायचं आणि मागे पाठवायचं. अवघडपणा हाच खरा माल होता. घोस्ट्स अँड गॉब्लिन्स नावाचा 1985 चा गेम आहे, त्यात मरत मरत शेवटाला पोचलं की स्क्रीनवर येतं, हा सगळा भास होता, आता पुन्हा पहिल्यापासून खेळ. म्हणजे काय बोलणार!

आणि ही सवय आली व्हिडिओ गेमच्या पार्लरमधून. कॉन्ट्रा मुळात 1987 चा पार्लरमधला गेम, घरच्या मशीनवर आला 1988 मध्ये. आमच्याकडे एसटी स्टँडच्या मागे एक पार्लर होतं, रुपयाला एक कॉइन, आणि सगळी गर्दी 'मुस्तफा'वर. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, 1993 चा, कॅपकॉम कंपनीचा, हे मला वीस वर्षांनी कळलं, पिवळी टोपी आणि उडती लाथ एवढीच ओळख पुरेशी होती. तिथे तुम्ही एका कॉइनवर तासभर उभे राहिलात तर मालकाचा धंदा बसला, त्यामुळे पोरगं दोन-चार मिनिटांत मेलं पाहिजे, पण 'अरे थोडक्यात राहिलं' असं वाटून परत खिशात हात घातला पाहिजे. स्क्रीनवर दहापासून उलटे आकडे सुरू झाले की आपण कसे मित्राच्या खिशाकडे बघायचो, आठवतंय का?

बनवणाऱ्यांना स्वतःला तरी झेपायचं का, तर तेही नाही. काझुहिसा हाशिमोटो नावाचे गृहस्थ 1986 मध्ये ग्रेडियस हा गेम घरच्या मशीनवर आणत होते, टेस्ट करायला बसले तर स्वतःलाच जमेना, म्हणून त्यांनी आत एक कोड टाकून ठेवला. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. हाच आपला कॉन्ट्राच्या 30 लाइफचा कोड, तिकडूनच आलेला.

आता मुलाची बाजू. आजचा गेम 50-100 जीबीचा असू शकतो, त्यामुळे तेच तेच खेळायला लावून वेळ भरायची गरज उरली नाही. अवघडपणा गेला नाहीये, त्याची जागा बदललीये. पूर्वी मरण्याची शिक्षा मोठी होती, आता कामच अवघड असतं आणि शिक्षा जवळपास शून्य. मुलाला सेलेस्ट (2018) द्या, डोंगर चढणाऱ्या मुलीचा गेम आहे, दिसायला अगदी जुन्या गेमसारखा. एकेका खोलीत पन्नास वेळा मराल, पण मेल्यावर एक सेकंदाच्या आत त्याच खोलीच्या सुरुवातीला उभे, रागवायला वेळच मिळत नाही. आणि आत गुपचूप मदत चालू असते. कडेवरून पाय सुटल्यावर सुद्धा एक निमिषभर जंप दाबली तर गेम ती मान्य करतो, डोकं कोपऱ्याला किंचित आपटत असेल तर तुम्हाला हळूच बाजूला सरकवतो. यातल्या पहिल्या, उशिराच्या जंपच्या सवलतीला 'कोयोटी टाइम' म्हणतात, त्या कार्टूनमधल्या कड्याबाहेर हवेत धावणाऱ्या कोल्ह्यासारख्या प्राण्यावरून. उलट 1986 चा कॅसलव्हेनिया घ्या, एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही, आणि वटवाघूळ धडकलं की मागे फेकले जाता, थेट खड्ड्यात. तुमचा मुलगा 'चीटिंग' म्हणतोय ते हे.

एक गोष्ट राहिलीच. सेव्ह करायची सोय. 1987 मध्ये झेल्डा नावाच्या गेमच्या अमेरिकेतल्या कॅसेटमध्ये त्यासाठी चक्क बॅटरी बसवलेली होती. आपल्या '9999 इन 1' वाल्या नकली कॅसेटमध्ये कुठली बॅटरी, तिथे एकच कॉन्ट्रा आठ वेगवेगळ्या नावांनी! आम्ही पॉज करून जेवायला जायचो, टीव्ही बंद, मशीन चालू, आणि आई ओरडू नये म्हणून त्या लाल लाइटवर रुमाल. मग लाइट जायचे. तुमच्या मुलाने हे सोसलेलं नाही हे खरं, पण यात सोसण्यासारखं काय होतं हे मलाही आता सांगता येत नाही.

मी गेम डिझाइन शिकतेय. सर म्हणतात मारिओमध्ये ट्युटोरियल नाही तरी कळतं, आताचे गेम अर्धा तास नुसतं शिकवत बसतात. आताचे डिझायनर आळशी झालेत का? (विद्यार्थिनी, पुणे)

सरांचं अर्धं बरोबर आहे गं. मारिओची पहिली लेव्हल एकदा खेळू नकोस, नुसती बघ. मारिओ स्क्रीनच्या डाव्या बाजूला, उजवीकडे मोकळं मैदान, म्हणजे तिकडेच जायचं. समोरून तो तपकिरी रागीट भोपळा येतो, काहीच केलं नाहीस तर मेलीस, पण अजून सुरुवातच आहे त्यामुळे नुकसान पाच सेकंदांचं. परत येतेस, घाबरून उडी मारतेस, एक तर त्याच्यावर पडतेस नाहीतर वरच्या प्रश्नचिन्हावर डोकं आपटतं, दोन्हीकडे काहीतरी चांगलंच होतं. मग मशरूम बाहेर येतं, उजवीकडे जातं, खाली पडतं, पाइपला आपटून उलटं तुझ्याच दिशेने येतं, आणि पळावं म्हणून उडी मारावी तर वर विटा. तू मशरूम खातेसच आणि मोठी होतेस! मारिओ बनवणाऱ्या मियामोटो आणि तेझुका यांनी हे ठरवून रचलंय, त्यांनी स्वतः हे पुढे समजावून सांगितलंय.

पण सर दोन गोष्टी विसरतात. एक, त्या मशीनच्या रिमोटला चार बाण, दोन बटणं आणि स्टार्ट-सिलेक्ट, एवढंच. आजच्या रिमोटला दोन फिरत्या काड्या, चार बाण, समोर चार बटणं, वर चार, आणि काड्या दाबल्या की त्यांचीही बटणं. दुसरं म्हणजे परदेशात गेमसोबत छापील पुस्तिका यायची, शिकवण्याचं बरंचसं काम त्या कागदावर व्हायचं. आपल्याकडच्या नकली कॅसेटबरोबर ती यायची नाही म्हणून आपल्याला वाटतं सगळं आपोआप कळायचं, प्रत्यक्षात शेजारचा दादा शिकवायचा, आणि फी म्हणून आपली एक लाइफ खेळून टाकायचा.

चांगलं शिकवणारे नंतरही होते. हाफ-लाइफ 2 (2004) मध्ये सुरुवातीलाच एक शिपाई मुद्दाम डबा खाली पाडतो आणि दरडावतो, उचल, कचऱ्यात टाक. तू टाकतेस किंवा त्याच्याच तोंडावर फेकतेस. वस्तू उचलून फेकता येते हा धडा झाला, हे राज्य कसं आहे तेही कळलं, आणि स्क्रीनभर मजकूर वाचावा लागला नाही. मला विचारशील तर आळशी डिझायनर तो, जो 'इथून चढ' हे कळावं म्हणून चढायच्या प्रत्येक दगडाला पिवळा रंग फासून मोकळा होतो.

मुलगी (वय 9) फोनवर गोळ्या जुळवायचा गेम खेळते. पाच लाइफ संपल्या की अर्धा तास थांबा नाहीतर पैसे द्या. परवा माझ्या फोनवरून परस्पर पैसे गेले. हे आधीपासूनच असं होतं का? (एक आई, नाशिक)

हो आणि नाही. मध्ये काही वर्षं लाइफ हा प्रकार मागे पडला होता, कारण घरी कॉइनच टाकायचं नसेल तर मोजायचं कशाला. फोन आले आणि गेम फुकट झाले, तशा लाइफ परत आल्या. कँडी क्रश 2012 चा, त्यात पाच लाइफ आणि अर्ध्या तासाला एक भरते. हा आमचा एसटी स्टँडमागचा पार्लरवालाच आहे, फक्त आता तो तुमच्या पर्समध्ये राहतो. फरक एवढाच की आमच्या खिशातलं नाणं संपायचं आणि आम्ही घरी जायचो, तुमचं कार्ड मात्र तिथे जोडलेलंच असतं.

याहून वाईट म्हणजे लूट बॉक्स, पैसे देऊन बंद डबा घ्यायचा आणि आत काय ते उघडल्यावर कळणार, जत्रेतल्या चिठ्ठीसारखं. बेल्जियमने 2018 मध्ये काही गेममधल्या अशा डब्यांना सरळ जुगार ठरवलं. तुम्ही आजच प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून ठेवा, आणि तो पासवर्ड मुलीचा वाढदिवस नको. पैसे परत मिळण्यासाठी तिथेच रिफंडची विनंती करता येते, पण लवकर करा. मुलीला रागवू नका, तिला थांबता येत नाही ही त्या गेमचीच करामत आहे.

कॅसेट फुंकली की खरंच चालायची का? आमच्यात पैज लागलीये. (दोघे भाऊ, सोलापूर)

जो 'नाही' म्हणाला तो जिंकला. कॅसेटच्या पिना आणि मशीनच्या पिना नीट टेकत नसायच्या, काढून परत बसवली की टेकायच्या, आणि मधल्या वेळात आपण फुंकर मारलेली असायची म्हणून श्रेय तिला. उलट तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजायला मदतच व्हायची. कॅसेट अजून घरात असेल तर कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पिनांवरून फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि मगच लावा. पैजेचा वडापाव तोवर खाऊन घ्या.