सहा-सात-आठ घरी चालत नाही

प्रिय माई,

मी चौतीस वर्षांची, एकटी आहे. महाबळेश्वरहून तापोळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. पुण्याच्या एका पर्यटन कंपनीत मी टूर मॅनेजर आहे. एप्रिल ते जून युरोप, पुढे जपान, ऑस्ट्रेलिया, मध्ये दुबई-सिंगापूर. पुण्यात खोली आहे, तरी दोन टूरच्या मधल्या दिवसांत मी गावीच येते. गावची जत्रा मात्र इतकी वर्षं चुकलीच. घरी आई, आण्णा, दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं. आण्णा तीस वर्षं मुंबईत माथाडी कामगार होते. वहिनी घरचं सगळं बघते, पण तिचं-माझं फारसं जमत नाही. मी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, इंडक्शन शेगडी आणली, तर ती तिनं माळ्यावर टाकली.

पहिले दोन दिवस छान जातात. मग पाऊस, धुकं, गेलेली वीज, आणि मी बघून आलेल्या जगाबद्दल कुणालाच काही विचारायचं नसतं. आई दरवेळी ‘तिकडं जेवायला काय मिळतं’ एवढंच विचारते. आठवडा झाला की बॅगेकडे लक्ष जातं. आणि निघाले की एसटीत रडू येतं. करोनाच्या दोन वर्षांत पूर्ण वेळ घरी होते, तेव्हा शेवटी शेवटी अगदी घुसमटले. आई म्हणते, एक काय ते ठरव. नोकरी सोडून गावात होमस्टे काढू? की पुण्यात फ्लॅट घेऊन आई-आण्णांना तिकडे नेऊ? गावचं घर तर दादाचंच होणार. आण्णांना बीपी आहे, साखर आहे. रस्ता बंद झाल्याची बातमी वाचली की तिकडे परदेशात माझा जीव टांगणीला लागतो. घरात मी पाहुणी, बाहेर मी मॅनेजर. मी नेमकी कुठली?

– कोयनाकाठची

प्रिय कोयनाकाठची,

नोकरी सोडू नकोस. हे आधीच सांगते, कारण त्याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. मार्च २०२० पासून सगळ्या सहली बंद झाल्या, तू घरी राहिलीस, आणि घुसमटलीस. म्हणजे ‘कायमची गावी’ हा प्रयोग तुझा करून झालेला आहे. तो फसला यात तुझा दोष नाही. तुला माणसं घेऊन फिरायला आवडतं, ते काम तुला जमतं, त्यावर तुझं पोट आहे. होमस्टेचंही तेच. तापोळ्याला सुट्टीत केवढी गर्दी होते ते तू बघतेस, धंदा चालेलही. पण पाहुण्यांच्या भाकऱ्या कोण थापणार? तू दोन महिन्यांत कंटाळलीस तर तो पसारा कुणाच्या अंगावर पडणार? वहिनीच्याच. तिला न विचारता हा बेत करू नकोस.

आता ‘एक काय ते ठरव’ याबद्दल. तू लिहिलंयस की आण्णा तीस वर्षं मुंबईत माथाडी कामगार होते. मग मला सांग, त्यांना कधी कुणी विचारलं का, तुम्ही इथले की तिथले? जावळीच्या आणि कोयनेच्या खोऱ्यातली अर्धीअधिक पुरुषमंडळी असंच जगली. मशीद बंदरला नाहीतर वाशीच्या बाजारात ओझी उचलायची, गाळ्यात दहा-बारा जणांनी दाटीवाटीनं राहायचं, आणि जत्रेला, भाताच्या लावणीला, गणपतीला गावी यायचं. आले की त्यांचं काम त्यांच्यासाठी थांबलेलं असायचं. बांध घालायचा असे, छप्पर शाकारायचं असे, पालखीला खांदा द्यायचा असे. चार दिवसांसाठी आलेला माणूससुद्धा पाहुणा नसायचा. घराचा एक भाग बाहेर राहतो आणि वेळच्या वेळी परत येतो, ही तुमच्या डोंगरातली जुनीच रीत आहे. तुला मात्र निवड करायला सांगतात, कारण तू मुलगी आहेस आणि चौतिशीत एकटी आहेस. आईवर रागावू नकोस. तिला तुझी काळजी आहे आणि ती तिला याच शब्दांत मांडता येते. पण ते वाक्य निमूट मान्यही करू नकोस.

तुझ्यात आणि आण्णांत फरक आहे तो इतकाच, की तुझ्यासाठी घरात काही थांबलेलं नसतं. तू येतेस तेव्हा तुझ्याकडून कुणाची कसली अपेक्षा नसते. तुझ्या हातात येताना चॉकलेटं असतात, मुलांना बूट असतात, आईला स्वेटर असतो. ते देऊन झालं की तुला करण्यासारखं उरतं काय? तिसऱ्या दिवशी तू घराला शिस्त लावायला लागतेस. हा माझा अंदाज नाही, तूच लिहिलंयस की डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, इंडक्शन शेगडी आणली आणि वहिनीनं ती माळ्यावर टाकली.

मराठी सहलींचं ते सहा-सात-आठ मला माहीत आहे. सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला बस. चाळीस माणसं, त्यांची औषधं, त्यांचे रुसवे, कुणाला खिडकी हवी, कुणाला वरणभात हवा, कुणाचा पासपोर्ट हॉटेलात राहिलेला. प्रत्येक वेळी बसमध्ये डोकी मोजायची. दोन-तीन महिने हेच केल्यावर ते अंगातून एका रात्रीत उतरत नाही. पण घरची माणसं तुझा ग्रुप नाहीत. दादा दहाला आंघोळ करतो तर करू दे. त्यात युरोपचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे घर निजतं तेव्हा तुला झोप नसते आणि वहिनी पाचला चूल पेटवते तेव्हा तू गाढ. कारण ठाऊक नसलं तर तिला काय वाटत असेल? सरळ सांग तिला, की वहिनी, पहिले चार दिवस माझी झोप उलटी असते, मला सकाळी उठवू नका, संध्याकाळची भांडी-धारा माझ्याकडे. एवढ्यानंही बरंच हलकं होईल.

वहिनीबद्दल तुझ्या पत्रात जेमतेम दोन ओळी आहेत. मी त्या पुन्हापुन्हा वाचल्या. तू लिस्बनला असतेस, क्योटोला असतेस, तेव्हा आण्णांच्या गोळ्या कोण देतं? साखर तपासायला महाबळेश्वरला कोण नेतं? पावसाआधी भिंतींना झड लागू नये म्हणून बाहेरून गवताचं, प्लास्टिकचं आच्छादन बांधायचं, लाकूडफाटा भरायचा, सुकट-बोंबलापासून मिठापर्यंत चार महिन्यांची बेगमी करायची, हे सगळं मे महिन्यात होतं, आणि मे महिन्यात तू आल्प्समध्ये असतेस. तू जग बघू शकतेस ती तिच्यामुळे. हे तिला तुझ्या तोंडून कधी ऐकायला मिळालंय का?

तेव्हा यंदा जुलैत आलीस की एक कर. तिला पंधरा दिवस माहेरी पाठव. मुलांची शाळा असेल तर मुलं तुझ्याकडे. आणि ते पंधरा दिवस घर तिच्या पद्धतीनं चालव. मीठ तिच्या डब्यात, गोळ्या तिच्या वेळेला, गुरांना पाणी ती घालते तेव्हा. काही सुधारायचं नाही, एक डबाही हलवायचा नाही. तुला राग येईल, दमशील, दोनदा भाकरी करपेल. पण पहिल्यांदाच त्या घरात तुझ्यावाचून काहीतरी अडलेलं असेल. पुढच्या वर्षीही तेच कर, त्याच सुमारास. मग वहिनी वर्षभर त्या पंधरवड्याची वाट बघेल, आणि तू कधी येणार हे तुझ्या आईच्या आधी ती विचारेल. लावणीही त्याच दिवसांत येते. निदान दोन दिवस चिखलात उतर. कंबर मोडेल, पण त्या दोन दिवसांत बायका तुझ्याशी जे बोलतील ते ओसरीवर बसून कधी कळणार नाही.

जत्रेचं वेगळं सांगते. ती नेमकी तुझ्या हंगामाच्या तोंडावर येते, म्हणून इतकी वर्षं चुकली. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक ठरण्याआधी कंपनीला लेखी कळव की एवढी एक टूर मी घेणार नाही. भत्ता बुडेल. बुडू दे.

कुणी जगाबद्दल विचारत नाही, याचं तुला फार लागलंय. आई दरवेळी ‘तिकडं जेवायला काय मिळतं’ एवढंच विचारते म्हणून तू लिहिलंस. अगं, तोच तिचा प्रश्न आहे! त्याचं नीट, पोटभर उत्तर दे. आणि आण्णांना आयफेल टॉवरचे फोटो दाखवू नकोस. तू पर्यटकांना स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेनं युंगफ्राउयोखला नेतेस ना, ३४५४ मीटरवर? ती रेल्वे १८९६ ला खणायला घेतली आणि १९१२ ला पुरी झाली, आणि तो डोंगर पोखरणारे बहुतेक मजूर इटलीतून पोटासाठी आलेले होते. बर्फ पाहून आण्णा मान हलवतील आणि गप्प बसतील. पण ते मजूर कुठे राहायचे, काय खायचे, घरी पैसे कसे धाडायचे, हे ज्यानं मुंबईत पाठीवर पोती वाहिली तो माणूस रात्रभर विचारत बसेल. तुला उत्तरं येत नसतील तर पुढच्या खेपेला तिथल्या लोकांकडून समजून घेऊन ये. तशीच स्वित्झर्लंडची गुरं. उन्हाळ्यात ती वरच्या कुरणांवर नेतात, तिथेच दुधाचं चीज करतात, आणि थंडीआधी गळ्यात मोठाल्या घंटा, डोक्यावर फुलं घालून वाजतगाजत खाली उतरवतात. २०२३ मध्ये युनेस्कोनं या प्रथेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तू घरी असतेस तेव्हाच साधारण बेंदूर असतो. शिंगं रंगवताना हे सांग. बघ किती जण ऐकायला बसतात.

आता आण्णांची तब्येत आणि पुण्याचा फ्लॅट. तीस वर्षं गाळ्यात काढून जो माणूस आपल्या डोंगरात परतला, त्याला चौथ्या मजल्यावर नेऊन बसवू नकोस. तू तर निम्मं वर्ष तिथेही नसशील, मग त्यांनी कुणाच्या आधारानं राहायचं? पण तुझी भीती खोटी नाही, ती मी उडवून लावणार नाही. २२ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला. तू तेव्हा घरीच होतीस. आंबेनळी घाट खचला, शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावात दरडींखाली माणसं गेली. अशा मुलखात नुसत्या धीराच्या गोष्टी बोलून भागत नाही.

म्हणून पहिल्यांदा डॉक्टरांना स्पष्ट विचार, की आण्णांना तासाभरात दवाखान्यात पोचता येणं गरजेचं आहे का. ‘हो’ म्हणाले तर जुलै-ऑगस्टपुरती वाईला किंवा साताऱ्याला खोली घे, एवढेच दोन महिने. ‘नाही’ म्हणाले तर जूनच्या आधी दीड महिन्याच्या गोळ्या, साखर तपासायचं यंत्र आणि त्याच्या पट्ट्या, चार्ज केलेले दिवे, पॉवर बँक एवढं घरात भरलेलं असू दे. घरामागच्या उताराला नवी भेग दिसली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, की सामानाकडे न बघता घराबाहेर पडायचं आणि ग्रामपंचायतीला कळवायचं, हे दादाशी आणि मुलांशीही बोलून ठेव. आणि गावात ज्याच्याकडे जीप आहे त्याचा नंबर तुझ्या फोनमध्ये हवा. परदेशात बातमी वाचून रडण्यापेक्षा त्याला फोन लावता येईल.

फ्लॅट घ्यायचाच असेल तर तुझ्या स्वतःसाठी घे. एकट्या बाईला साठीनंतर आपलं छप्पर लागतं, त्यात काही वावगं नाही. मात्र ‘गावचं घर तर दादाचंच होणार’ असं जे तू सहज लिहून गेलीस, ते तसं नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. महाराष्ट्रानं तो १९९४ मध्ये दिला, देशभर २००५ च्या दुरुस्तीनं आला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मापासूनचा असल्याचं ठणकावून सांगितलं. हे भांडायला सांगत नाही. आण्णा धडधाकट आहेत तोवर, दादा-वहिनी समोर असताना, एकदा शांतपणे विषय काढ. वहिनीनं इतकी वर्षं ते घर उभं ठेवलंय, तेव्हा वाटणीच्या बोलण्यात तिच्या कष्टांचा उल्लेख आधी तू कर, दादानं करायची वाट बघू नकोस. आणि निर्णय काहीही होवो, त्या घरात एक खोली तुझी असेल, तू नसताना तिथे भाताची पोती रचली जाणार नाहीत, एवढं सर्वांच्या तोंडून वदवून घे.

जुलैत वहिनी माहेरी गेली की मला लिही.

– माई