ट्रेडमिलचा दांडा सोडा, मग इनक्लाइनचं बघू

दादा, तुमची पोस्ट वाचली. ट्रेडमिलवर रोज पाऊण तास १२ इनक्लाइन (म्हणजे पट्ट्याचा चढ, टक्क्यांत), ताशी ५ किलोमीटरचा स्पीड, मशीन साडेपाचशे कॅलरी दाखवतं आणि दोन महिन्यांत काटा जागचा हलला नाही. शेवटी तुम्ही सहज लिहून गेलाय की दम लागला की हँडल धरतो. माझं सगळं तिथंच अडलं होतं म्हणून लिहितोय. खाण्यापिण्याचं बेसिक तुम्हाला माहीत असणार, ते सोडतो.

मी साताऱ्यातल्या एका जिममध्ये (नाव नको) आठ महिने हेच केलं. दांडा दोन्ही हातांनी धरायचा, हात ताठ, अंग मागं टाकलेलं आणि खालून पट्टा पळतोय. पोटऱ्या कधी दुखल्या नाहीत, दुखायची ती मनगटं, आणि तळहाताला घट्टे पडलेले. समोरचा आकडा बघून घरी एक भाकरी जास्त, संध्याकाळी राजवाड्यावर भेळ, त्यात वजन दोन किलो वाढलं. मग एका रविवारी पुतण्याबरोबर अजिंक्यतारा किल्ल्यावर गेलो, गाडीरस्त्यानंच, आणि अर्ध्यात जायच्या आत रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. रोज १२ चढतोय म्हणणारा मी, छाती भात्यासारखी चाललेली.

कारण साधं आहे. चढावर जास्त कॅलरी जातात त्या स्वतःचं वजन वर उचलण्यात. मागं रेलून दांडा धरला की वजनाचा वाटा हात घेतात आणि पाय जवळजवळ सपाटीवर चालतात. मशीनला यातलं काही कळत नाही, ते फक्त स्पीड, चढ आणि वजन धरून हिशोब करतं, आणि वजन टाकलं नसेल तर मनानंच काहीतरी धरतं. नेहमीच्या फॉर्म्युल्यानं ८० किलोचा माणूस ५ च्या स्पीडनं अर्धा तास सपाट चालला तर साधारण १४० कॅलरी, ५ टक्के चढाला २३०, १० टक्क्याला ३२०. म्हणजे चढाचा फायदा खराच आहे, दुपटीच्या वर, पण हात सोडून चालणाऱ्याला. आणि त्यातल्या ४० तर नुसतं बसून पण गेल्याच असत्या.

राग याचा येतो की आठ महिन्यांत एकाही ट्रेनरनं हात सोडा म्हणून सांगितलं नाही. उलट "सर अजून वाढवा, १५ करा". वर्षाची फी एकदम भरून घेतली, आणि मी नंतर विचारायला गेलो तर म्हणे मशीन बरोबरच दाखवतंय, तुमचं खाणं बघा. खाणं चुकत होतंच ओ, पण ते त्या आकड्याच्या भरवशावरच ना!

आता माझं मत, पटलं तर घ्या. उद्याच १२ वर हात सोडून चालू नका. मी रागाच्या भरात तेच केलं आणि टाचेच्या वरची शीर अशी धरली की तीन आठवडे जिना चढताना कळ यायची. ३-४ वर या, हात मोकळे, आठवड्याला एक वाढवा. दांडा धरावा लागला की समजायचं चढ जास्त झालाय, चढ कमी करा पण धरू नका. तोल जात असेल किंवा चक्कर येत असेल तर मात्र बिनधास्त धरा, आणि बीपी, हार्ट, गुडघ्याचं काही असेल तर आधी डॉक्टर, मी काही डॉक्टर नाही.

जिमची फी संपल्यावर मी साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट धरला, सातारा हिल मॅरेथॉनवाले पळत जातात तोच. तिथं धरायला काहीच नाही, हे बरं झालं. फक्त घाटात उतरावं पण लागतं, जे बहुतेक ट्रेडमिलवर नसतं. उतरताना कॅलरी कमी जातात पण मांड्या ब्रेक मारून मारून दोन दिवस भरून येतात, गुडघ्यावर पण येतं. लहान पावलं टाका, उतारावर पळू नका. पहाटे जात असाल तर बॅटरी आणि हातात काठी ठेवा, कुत्री असतात.

एक करून बघा, ४ च्या चढावर हात सोडून २० मिनिटं चाला आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात का मनगटं ते इथं लिहा.