शहरातली हिरवाई ठरवताना सामान्य नागरिकाचं म्हणणं खरंच ऐकलं जातं का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या नगरपरिषदेचा नवा विकास आराखडा, म्हणजे कुठे रस्ता, कुठे बाग, कुठे घरं हे ठरवणारा नकाशा, येऊ घातलाय, गावात धड एक बाग नाही, तर झाडं आणि मोकळ्या जागांबद्दल आपल्यासारख्यांनी काही सांगून उपयोग होतो का. होतो. पण बहुतेकदा आपण बोलतो तेव्हा वेळ टळून गेलेली असते. झाडावर करवत चालायला लागली की आपण रस्त्यावर उतरतो. तिथून रस्ता जाणार हे मात्र नकाशावर कितीतरी वर्षं आधी ठरलेलं असतं.

मी पुण्यात राहते, म्हणून आधी इथलंच सांगते. १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत २३ गावं आली. त्यांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं, म्हणजे सगळे ज्याला बीडीपी म्हणतात त्याचं, सुमारे ९७८ हेक्टरचं आरक्षण सुचवलं गेलं, म्हणजे तेवढी जमीन त्याच कामासाठी राखून ठेवायची. टेकड्यांवर बांधकामाला परवानगी द्या, असा दबाव सतत होता. नागरिकांनी सह्या गोळा केल्या, हरकती नोंदवल्या, सरकारं बदलली तरी पाठपुरावा सोडला नाही. शासनाची मंजुरी यायला २०१५ साल उजाडलं. जमीनमालकांच्या मोबदल्याचा प्रश्न त्यानंतरही लोंबकळत राहिला, टेकड्यांवर अतिक्रमणंही झाली. तरीसुद्धा आरक्षण नकाशावर आहे, म्हणून निदान भांडायला आधार आहे. ते नसतं तर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

मुंबईचं उदाहरण तर अजून ठळक आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत तिथला प्रारूप, म्हणजे अंतिम मंजुरीआधीचा, आराखडा जाहीर झाला. त्यातल्या चुका लोकांनी वॉर्डावॉर्डांतून दाखवून दिल्या, आरे कॉलनीच्या हिरव्या पट्ट्यात विकास करण्याच्या प्रस्तावाला कडाडून विरोध झाला, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा रद्द करून नव्याने तयार करायला सांगितलं.

आता तुमच्या कामाचं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. तीस दिवस म्हणजे काहीच नाही, त्यामुळे तयारी आत्तापासून करा. आराखड्याच्या आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो, तो मागून घ्या. तुमचा ओढा त्यात ओढा म्हणून दाखवलाय की मोकळी जमीन म्हणून, हे डोळ्यांखालून घाला. आजच्या नकाशात जो ओढा नाही, तो उद्याच्या आराखड्यात कुठून येणार?

हरकत लिहिताना ‘शहरात हिरवळ वाढवावी’ असं लिहू नका. त्यावर कोणताही अधिकारी ‘नोंद घेतली’ एवढंच म्हणू शकतो. सर्व्हे नंबर लिहा, अंदाजे क्षेत्रफळ लिहा, तिथे आज काय आहे, कोण वापरतं, पावसाळ्यात पाणी कुठून कुठे जातं ते लिहा, आणि नेमकं काय हवंय ते एका वाक्यात मागा. सोबत फोटो आणि नकाशाची खूण केलेली प्रत जोडा. माझ्या मते पाचशे जणांनी सही केलेल्या एकाच छापील मजकुरापेक्षा अशा दहा वेगवेगळ्या, नेमक्या हरकती जास्त वजनदार ठरतात, कारण सुनावणीत प्रत्येकीवर वेगळं बोलावं लागतं.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बागेचं आरक्षण पडलं म्हणजे बाग झाली असं नाही. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक याच कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत की आरक्षण रद्द होतं. गाजावाजा न होता बागा अशा जातात. म्हणून सध्याच्या आराखड्यातल्या बागांच्या आरक्षणांची यादी काढा आणि प्रत्येकीचं काय झालं हे माहितीच्या अधिकारात विचारा. मला विचाराल तर कामाची सुरुवात इथूनच करा.

झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा नगरपरिषदांनाही लागू आहे. तोडायच्या झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकतीला सात दिवस असतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं ‘हेरिटेज’ ठरतात. अशा झाडांची नोंद आधीच करून ठेवा: जात, जागा, आणि छातीच्या उंचीला बुंध्याचा घेर. शिंप्याची टेप पुरते. शाळेतल्या मुलांना हे काम द्या, ती फार चोख करतात.

छोट्या कामांसाठी पुण्यात २००६ च्या सुमारास नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक सुरू झालं. फॉर्म भरून आपल्या प्रभागातलं काम सुचवायचं, मान्य झालं तर पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद. आमच्या गल्लीत करंजाच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक अगदी भिडवून बसवले होते, पाणी मुरायला बोटभर फट नव्हती. ते उकरून झाडांना तीन-तीन फुटांची आळी करावीत, एवढंच आम्ही सुचवलं. काम झालं. नंतरच्या उन्हाळ्यात करंजाला फूट किती चांगली आली हे रोज जाता-येता दिसायचं. तुमच्याकडे अशी सोय नसेल तर अंदाजपत्रक तयार होण्याआधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी सूचना द्या आणि पोच घ्या.

शेवटचं, आणि मला सगळ्यांत जिव्हाळ्याचं. सुनावणीला बहुधा बंगल्यातले, निवृत्त, नकाशा वाचता येणारे लोक येतात. सावलीची खरी गरज असते भाजीवालीला, रिक्षा स्टँडला, बांधकामावरच्या बायकांना, पत्र्याच्या घरांत राहणाऱ्यांना. त्यांना दुपारची सुनावणी परवडत नाही, रोज बुडतो. त्यांच्या वस्तीत संध्याकाळी नकाशा घेऊन जा, जमिनीवर पसरा, आणि कुठे बसता, कुठे ऊन लागतं, मुलं कुठे खेळतात ते विचारा. त्यांच्या नावाने हरकत लिहा, वाचून दाखवा, मगच सही घ्या. सुनावणीची तारीख कळली की त्यांच्यातल्या एक-दोघांना सोबत न्या, आणि त्या दिवसाची मजुरी तुमच्या गटाने वर्गणी काढून द्या.